मंडळी पुन्हा उभी करायची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांच्या समूहासाठी आहेत. नगर, जालना, सोलापूर, पुणे या पट्ट्यातल्या, जिथे परदेशी मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे आणि निम्मे बाक रिकामे आहेत अशा. शहरातल्या नव्या फेलोशिपना, म्हणजे स्वतंत्र ख्रिस्ती गटांना, यातलं थोडं लागू पडेल, थोडं नाही. पाळकांनी वाचावं, कमिटीने वाचावं, आणि शेवटच्या बाकावर बसून ‘हे असं किती दिवस चालायचं’ म्हणणाऱ्यांनी तर आधी वाचावं.

उपस्थिती फार कमी झाली आहे. विश्वास पुन्हा जागवण्यासाठी तीन दिवसांची संजीवन सभा ठेवावी का?

ठेवा, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मांडव पडतो, बाहेरगावचे वक्ते येतात, साउंड सिस्टिम दणदणते, शेवटच्या रात्री पन्नास माणसं पुढे येऊन गुडघे टेकतात. चौथ्या दिवशी मांडववाला कनाती सोडतो आणि पुढच्या रविवारी बाकांवर तीच जुनी मंडळी.

संजीवनाचं नाव निघालं की आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनचा दाखला हमखास दिला जातो. 1905 साली पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात जी आत्मिक जागृती झाली तिची वार्ता परदेशातही पोचली होती. पण तिथल्या मुली काही सभेसाठी जमलेल्या नव्हत्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, एकत्र राहणाऱ्या, एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या, शेतात, मागावर, छापखान्यात एकमेकींच्या शेजारी राबणाऱ्या अशा त्या होत्या. वर्षाच्या सुरुवातीपासून त्यांची रोजची प्रार्थना चालू होती. ज्यांना एकमेकींची दुखणी-खुपणी माहीत होती त्यांच्यात तो अग्नी पेटला. आपण शेवटचा प्रसंग सांगतो आणि आधीची वर्षं गाळतो.

सभेसाठी जमवलेले पैसे असतील तर निम्मे बाजूला ठेवा. ते कशाला लागतील हे पुढे येईलच.

मग सुरुवात कुठून करायची?

सभासद रजिस्टरपासून. कपाटातून काढा, धूळ झटका आणि मंडळीतल्या दोन जुन्या बायकांना घेऊन बसा. पुरुषांना हुद्दे आठवतात. कोणाची सून कुठली, कोणाचा मुलगा कुठे गेला, कोण कशावरून रुसलं, हे बायकांना ठाऊक असतं. एकेका नावापुढे पेन्सिलने लिहा: वारले, पुण्याला गेले, दुसरीकडे जातात, अंथरुणाला खिळले आहेत, भांडण. ‘माहीत नाही’ अशी नावं वेगळ्या कागदावर उतरवा. तो कागद बहुतेक ठिकाणी अपेक्षेपेक्षा लांब निघतो, आणि कमिटीच्या पुढच्या बैठकीत तोच पहिला विषय असावा.

त्यानंतर घरभेटी. दोघांनी जावं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. वर्गणीची पावती बुक घरी ठेवून जावं. ‘हल्ली दिसत नाही चर्चला’ हे वाक्य तोंडून काढायचं नाही; समोरचा लगेच बचावाला लागतो आणि भेट तिथेच संपते. चहा घ्यावा, घरातल्यांची नावं विचारावी. जुन्या घरात प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं, कडा काळवंडलेलं मोठं बायबल असतं. ते पाहायला मागावं. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या अक्षरात जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा तारखा असतात, दर काही ओळींनी शाई बदललेली. ते पान उघडलं की माणसं आपणहून बोलायला लागतात. मग एखादं स्तोत्र, दोन मिनिटांची प्रार्थना आणि उठावं. पहिल्या भेटीत रविवारचं आमंत्रण दिलं नाही तरी बिघडत नाही.

आमचे पाळक घरभेटींना येतच नाहीत. आम्ही काय करणार?

एका पाळकाकडे तीन-चार गावं, त्यात बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी, धर्मप्रांताच्या बैठका. त्यांना सगळं जमणार नाही आणि एकट्याने ते करावं अशी अपेक्षाही नसावी. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरबूर झाली तेव्हा प्रेषितांनी त्या कामासाठी सात माणसं वेगळी निवडायला लावली.

आपल्याकडच्या मंडळ्या थंड का पडल्या याचं एक कारण क्वचितच बोललं जातं. मिशनच्या काळात गावात एक मास्तर असायचा. दिवसा शाळा शिकवायचा, संध्याकाळी प्रार्थना घ्यायचा, रात्री कोणाचं पत्र वाचून दाखवायचा. जोडीला बायबल वुमन असायची. ती घरोघरी जाऊन बायकांना अक्षरं शिकवायची, बाळंतिणीला बघायची. पुढे मिशनचे पगार थांबले, अनेक गावांत मिशनची शाळा बंद पडून जिल्हा परिषदेची आली, मास्तर गेले, बायबल वुमनही गेल्या. पद गेलं ते गेलं, पण त्यांचं काम मात्र कोणीच उचललं नाही. आपण मात्र ‘लोकांचा विश्वास कमी झाला’ म्हणून मोकळे होतो. विश्वास कमी झाला असेलही. पण गावात रोज दारावरून जाणारं, हाक मारणारं माणूस नाहीसं झालं, आणि उरला तो रविवारचा दीड तास. त्यावर मंडळी तगत नाही.

म्हणून दर आठ-दहा घरांमागे एक माणूस नेमा. निवृत्त शिक्षक, नर्स, अंगणवाडी ताई, कोणीही. उपदेश करता आला नाही तरी चालेल. कोण आजारी आहे हे शनिवारपर्यंत त्याला कळलेलं असावं, एवढीच अट. बाजूला ठेवलेल्या निम्म्या पैशांतून यांचा गाडीभाड्याचा खर्च द्या.

घरोघरच्या प्रार्थना सभा दोन-तीन महिने चालतात आणि बंद पडतात. का?

नाश्त्यामुळे. हसू नका, खरंच. पहिल्या घरी चहा-बिस्किटं असतात. दुसऱ्या घरी पोहे. तिसऱ्या घरी समोसे आणि केक. चौथं घर एका खोलीचं, बाप रोजंदारीवर. त्या घरची बाई म्हणते, ‘पुढच्या महिन्यात घेऊ’. तो पुढचा महिना येत नाही. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत हेच झालं होतं: प्रभुभोजनासाठी जमायचे, त्यात सुखवस्तू लोक आधी जेवून तृप्त व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने त्यावरून त्यांची चांगलीच कानउघाडणी केली आहे.

नियम करा आणि कडक पाळा: फक्त चहा, तोही कोरा असला तरी चालेल. पाळक आले म्हणूनही वेगळं काही करायचं नाही. सभा एका तासाची. वचनावर बोलताना प्रत्येकाला एक वाक्य बोलायची संधी. एकाच काकांनी चाळीस मिनिटं घेतली तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना प्रेमाने सांगावं. बारा-पंधराच्या वर माणसं होऊ लागली की गट दोन करा, नाहीतर मागे बसलेल्यांना नुसतं ऐकायचंच काम उरतं.

जुनी गीतं ठेवायची की कीबोर्ड-ड्रम्सवरची नवी गाणी?

या वादात जेवढी ताकद जाते तेवढ्यात गायनवृंद उभा राहिला असता. तरुणांना जुनी गीतं आवडत नाहीत असं सरसकट म्हणणं चूक आहे. त्यांना त्यांच्या चाली कोणी शिकवलेल्या नाहीत. पेटीवाले काका गेले, चाल त्यांच्याबरोबर गेली, आणि आता ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडलं की तीच आठ-दहा गीतं आलटून पालटून म्हटली जातात.

आपल्याजवळ जे आहे ते इतर भारतीय भाषांतल्या मंडळ्यांना हेवा वाटावा असं आहे. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगात, ओवीत, पदांत ख्रिस्त आणला, आणि तो आणताना वारकऱ्यांची भाषा टाकून दिली नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते मानत. 1917 साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा समूह सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही शिष्यांसाठी. 1919 ला ते वारले आणि तो प्रयोग रुजायचा राहिला. मंडळीच्या नूतनीकरणावर बोलणाऱ्याने परदेशी पुस्तकं मागवण्याआधी हा दरबार काय होता ते समजून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

व्यवहारात एवढं करा: महिन्याला एक विस्मरणात गेलेलं गीत निवडा. ज्या आजींना चाल येते त्यांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. चारही रविवारी तेच गीत म्हणा. गिटारवाल्या पोरांनाच ते बसवायला द्या. टाळ आणि ढोलकी त्यांच्या हाती दिली तर गिटार आपोआप जुळवून घेतं. वर्षातून एकदा कीर्तन ठेवा. शेजारची हिंदू कुटुंबंही बसायला येतात, कारण कीर्तनात कसं बसायचं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

उपदेश किती वेळ असावा?

वीस-पंचवीस मिनिटं. त्रोवसला पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो मेला, पण पौलाने त्याला पुन्हा जिवंत केलं. ते सामर्थ्य अंगी नसेल तर घड्याळ बघावं.

तरुण मुलं टिकत नाहीत. यूथ कॅम्प घ्यावा का?

कॅम्प चांगलाच. पण परत आल्यावर त्यांच्या हाती काय असतं? नाताळचा तारा टांगणं, खुर्च्या लावणं, नाताळ फेरीत डबा फिरवणं. बावीस वर्षांची मुलगी बँकेत लाखोंचे व्यवहार बघते आणि मंडळीत तिला पताका कापायला बसवतात. तिला खजिनदाराची जोडीदार करा, सही तिचीही लागेल अशी. दानार्पण मोजायला प्रत्येक रविवारी एक ज्येष्ठ आणि एक तरुण बसू द्या. उपासनेत वाचन द्या, पण आठवडाभर आधी सांगा. ऐनवेळी हाताला धरून उभं करू नका.

शिक्षणासाठी, नोकरीसाठी मुलं पुण्या-मुंबईला जाणारच. पूर्वी गाव सोडणारा सभासद पाळकांचं पत्र घेऊन जायचा आणि नव्या मंडळीत ते द्यायचा. ती पद्धत परत आणा. मुलगा हडपसरला जाणार असेल तर तो गाडीत बसण्याआधी तिथल्या एखाद्या सभासदाला फोन गेला पाहिजे: अमुक येतोय, पहिल्या रविवारी घरी जेवायला बोलवा. शहरात गेलेली मुलं पहिल्या काही आठवड्यांतच कुठेतरी रुळतात किंवा कुठेच रुळत नाहीत.

आमची घरं दुसऱ्या फेलोशिपला जाऊ लागली. मेंढरं चोरली जात आहेत, काय करावं?

एकदा त्या घरी जाऊन शांतपणे विचारा, तिथे काय मिळालं. उत्तर बहुधा सिद्धांताचं नसतं. ‘नवरा दवाखान्यात होता, ते लोक रोज आले’, ‘माझं नाव घेऊन प्रार्थना केली’. यावर चोरीचा आरोप कसा करणार? व्यासपीठावरून त्यांच्याविरुद्ध बोललात तर उरलेल्यांनाही पत्ता कळतो.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन यांचं जमू शकलं, तर एका तालुक्यातल्या दोन मंडळ्यांना उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना एकत्र घ्यायला काय हरकत आहे?

मंडळीत दोन गट आहेत, निवडणुकीवरून वाद कोर्टात गेला आहे. अशात आत्मिक नूतनीकरणाचं बोलणं हास्यास्पद नाही का?

अवघड आहे, हास्यास्पद नाही. बहुतेक भांडणांच्या मुळाशी मिशनच्या जमिनी, गाळ्यांचं भाडं आणि हिशेब असतात. तिथे प्रार्थनेइतकीच वहीची गरज आहे. ट्रस्ट असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे: दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अहवाल. हे वेळेवर झालं नाही की जुनी कमिटी कागदावर राहते, नवी खुर्चीवर, आणि वकिलांचं फावतं. त्याशिवाय दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च दारावर लावा. आकडा कितीही लहान असो. संशयाला खायला मिळालं नाही की तो रोडावतो.

माणसामाणसांतल्या रागासाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम पाळा: आधी एकट्याने जाऊन बोलायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपण उलट करतो, आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवा, ॲडमिनलाच लिहिता येईल असा.

मंडळीत जातीचा विषय काढावा का? उगाच जखम उघडी पडेल.

जखम उघडीच आहे. नगर-मराठवाड्यातल्या बहुसंख्य मंडळ्या महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. दीडशे वर्षांनंतरही लग्न जमवताना ‘आपल्यातलेच आहेत ना’ हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो, काही ठिकाणी बाकसुद्धा न सांगता वाटलेले असतात. याकोबाच्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढची जागा देण्यावरून खरमरीत लिहिलं आहे. ते वाचून दाखवताना आपल्याच बाकांकडे बघावं.

दुसरी बाजूही समजून घ्या. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. त्यामुळे कित्येक कुटुंबं रविवारी चर्चला येतात आणि रजिस्टरात नाव नको म्हणतात. त्यांना ‘कच्चे ख्रिस्ती’ म्हणून हिणवणं सोपं आहे. पोराच्या फीची सोय करणं अवघड आहे. जी मंडळी दुसरं करत नाही तिने पहिलं करू नये. आणि कोणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय याची चर्चा चर्चच्या आवारात होऊ देऊ नये. त्याने घरं कायमची तुटली आहेत.

सुरुवातीला एकत्र जेवा. स्वयंपाक कोणी करायचा, वाढायचं कोणी, याची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. बाकीचं बोलणं त्यातून निघेल.

महिला मंडळाला आणखी काय काम द्यावं?

काम नका देऊ, अधिकार द्या. काम त्याच करत आहेत. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक महिला प्रार्थना दिनाची अख्खी उपासना त्या चालवतात, आणि कमिटीत एखादी नावापुरती असते. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 पासून खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर, दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांनी बाळंतपणं सांभाळली, लसीकरण घडवून आणलं. आपल्याच पट्ट्यात हे झालेलं असताना ‘बायकांना हिशेब जमेल का’ हा प्रश्न विचारणाऱ्याने जरा चुलीजवळ जाऊन महिन्याचं रेशन चालवून बघावं.

हार्वेस्टचा सण आता नुसता उपचार झाला आहे. बंद करावा का?

अजिबात नको. आपल्या सणांमध्ये सगळ्यात जास्त जीव याच्यातच उरला आहे. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. मग लिलाव. एक लिंबू वीस रुपयांवरून पाचशेवर जातं, ज्याने घेतलं तो तेच परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली सुरू होते. पुण्याहून आलेले भाचे हौसेने बोली लावतात, पोरं खिदळतात, कोंबडी मध्येच ओरडते. दोनच सुधारणा सुचवतो. ज्याची शेती गेली त्याला दान म्हणून आपलं काम आणता यावं: शिंप्याने पिशवी, गवंड्याने एक दिवस मजुरीची चिठ्ठी. त्या चिठ्ठीचाही लिलाव करा. दुसरं, आलेल्या धान्यातला ठराविक भाग विधवा आणि एकट्या म्हाताऱ्यांकडे त्याच संध्याकाळी पोचवा, नाव न पुकारता.

संडे स्कूलसाठी काय पाहावं?

शिक्षक दोन असावेत, खोलीचं दार उघडं असावं, मुलाला एकट्याला कोणी कुठे नेऊ नये. लैंगिक अत्याचाराची कुणकुण लागली तर 2012 च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘मंडळीची बदनामी नको’ म्हणून घरात मिटवणं हा गुन्हा ठरतो. बाकी चित्रं चिकटवायचा फ्लॅनेल बोर्ड असो की प्रोजेक्टर, फारसा फरक पडत नाही.

परदेशातल्या ओळखीच्यांकडून मदत घ्यावी का?

विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी नसताना एक रुपयाही घेऊ नका, एखाद्या सभासदाच्या खात्यावर तर मुळीच नको. शिवाय मास्तरांच्या पगाराचं काय झालं ते वर वाचलंच आहे.

आम्ही कॅथलिक आहोत. आम्हाला यातलं काही उपयोगी आहे?

घरभेटी, चहाचा नियम आणि हिशेब तर नक्कीच. तुमच्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा, म्हणजे तुमची मुख्य उपासना, मराठीत आली, वसई-मुंबईकडे वाडीवाडीतून लहान ख्रिस्ती समूह उभे राहिले. ते जिथे नीट चालतात तिथे जाऊन आमच्याच लोकांनी शिकावं.

ऑनलाइन उपासना चालू ठेवावी?

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि परगावी असलेल्यांसाठी ठेवा. गावातच असून पलंगावर लोळत बघणाऱ्यांचा बाक मात्र अडवून ठेवू नका.

सगळं मार्गी लागतं आणि पाळकांची बदली होते. नवे येतात, त्यांची पद्धत वेगळी. यावर काही उपाय?

बदली होणारच, ती धरूनच चाला. घरभेटींची वही पाळकांच्या घरी न ठेवता चर्चच्या कपाटात ठेवा, किल्ली सेक्रेटरीकडे. गटांचे प्रमुख कमिटीच्या ठरावाने नेमा, पाळकांच्या मर्जीने नको, म्हणजे ते गेले तरी नेमणूक राहते. नवे पाळक आले की स्वागत समारंभात हार-शाल झाल्यावर लगेच मागण्यांची यादी वाचू नका. पहिल्या दोन महिन्यांत प्रत्येक गटाने त्यांना आपल्या एका घरी न्यावं, कुटुंबासकट, आणि तिथेही फक्त चहाच असावा. पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, महिला मंडळाचं अध्यक्षपद आपोआप देऊन टाकू नका; त्यांना हवं आहे का ते आधी विचारा. कित्येकींना नको असतं आणि आजवर कोणी विचारलेलं नसतं.